शेंदराखालचा वीर

या, असे जवळ सरकून बसा. चपला दाराशी राहू द्या आणि हातातला मोबाइल घटकाभर पालथा घाला. एका माणसाची गोष्ट ऐकवायची आहे, पण ती फार मोठ्याने सांगण्यासारखी नाही. कारण जवळजवळ नव्वद वर्षं ती त्याच्या स्वतःच्या घरातसुद्धा कुणी मोठ्याने काढली नव्हती. कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आज कुणाचं चरित्र लावलंय ते आधीच सांगून टाकतात, तसं आपणही सांगून टाकू. चरित्र धोंडिबाचं आहे. मात्र त्याच्यापर्यंत पोचायचं तर त्याच्या नातवाच्या, रंगरावांच्या फाटकातून आत जावं लागतं, आणि रंगराव फाटक सहजी उघडणाऱ्यांतले नव्हते.

साल दोन हजार सात. मांजरीत उसाच्या फडाशेजारी बारा-बारा मजले उठत होते. ज्या बांधावर बसून रंगरावांनी जन्मभर भाकरी खाल्ली, त्या बांधापलीकडे आता पोहण्याच्या तलावाचं चित्र रंगवलेली पाटी उभी होती. रंगराव सदुसष्ट वर्षांचे. देवळातल्या सप्ताहात त्यांचे टाळ सगळ्यांच्या आधी वाजायला लागायचे. देवावर भरवसा पुरता, माणसांवर मात्र बेताचा. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांमागे एक गोड बोलणारा मनुष्य 'सर्वे आहे' म्हणून आला, घरात किती माणसं, कुणाचं नाव काय, सगळं लिहून घेऊन गेला, आणि महिन्याभरात पेपरात वकिलाची जाहीर नोटीस आली, त्यांच्याच गट नंबराची. ते निस्तरता निस्तरता वर्ष गेलं. तेव्हापासून सकाळी पेपर आला की रंगराव आधी जाहीर नोटिसा वाचायचे, मग निधनवार्ता, आणि चहा गार झाला की देशाच्या बातम्या.

अशा माणसाच्या फाटकाशी एका रविवारी स्कूटी थांबली. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी उतरली आणि तिनं पहिलंच वाक्य असं टाकलं, की दुसरं ऐकायची गरजच उरली नाही.

"धोंडिबा सखाराम यांचे वारस इथेच राहतात का?"

वारस! रंगरावांनी फाटकाची कडी आणखी घट्ट केली.

"आपण कोण?"

"मी आम्रपाली."

"पुढं?"

"आम्रपाली दशरथ."

"त्याच्याही पुढं?"

"त्याच्या पुढे फाटक आहे, काका. उघडलंत तर आत येऊन सांगते."

फाटक उघडलं नाही. तिनं ते ओळखलं, आणि सळ्यांमधूनच सांगायला सुरुवात केली. पहिल्या महायुद्धात इथून किती तरी माणसं इराकात गेली, बसऱ्याला. जी तिकडे मेली त्यांची नावं साहेबाच्या देशातल्या एका कचेरीनं दगडात कोरली, पुस्तकात छापली. पण काही जण तिथून आजार घेऊन घरी आले आणि घरी मेले. ते कुणी मोजलेच नाहीत. आता पुरावा दाखवला तर ती कचेरी त्यांचीही नावं घेते. असं पुराव्यांचं काम ती आणि तिच्यासारखे चार-सहा जण सुट्टीच्या दिवशी करतात. तहसीलच्या जुन्या कोतवाल बुकात तिला मृत्यूची एक मोडीतली नोंद सापडली होती: धोंडिबा सखाराम, मौजे मांजरी, क्षय, सन एकोणीसशे वीस.

"तर घरात त्यांचा काही कागद, बिल्ला, पदक असेल तर मला फक्त बघायचंय. आणि या फॉर्मवर कुटुंबातल्या एकाची सही."

रंगरावांनी एवढ्या सगळ्यातून तीन शब्द उचलले. वारस, मृत्यूची नोंद, सही.

आतून त्यांच्या आत्याचा आवाज आला, "कोण आलंय रं रंगा?"

"सेल्समन."

"बाईचा आवाज हाय की."

"बायका पण असत्यात आता, आत्ये."

त्यांनी तांब्याभर पाणी मात्र आणून दिलं, कारण दारातून कुणाला कोरडं पाठवायचं नाही ही आत्याची ताकीद होती. मुलगी पाणी प्याली, सळ्यांमध्ये एक कार्ड अडकवलं आणि गेली. कार्डावर हडपसरकडच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं नाव होतं. रंगरावांनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

ही आत्या म्हणजे तुळजाबाई. धोंडिबाची मुलगी, वय सत्त्याऐंशी. बाप गेला तेव्हा आईच्या पोटात होती. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली आणि भावाची पोरं वाढवता वाढवता म्हातारी झाली. रंगरावांचा तिच्यावर जीव. पण जमिनीला भाव आल्यापासून त्यांच्या मनात एक किडा शिरला होता. मुलींनाही वाटा मिळणार असा नवा कायदा झाल्याचं पेपरात आलं होतं, आणि आत्याचा नातू पोपट कात्रजला प्लॉट घेण्या-देण्यात मध्यस्थी करायचा. म्हाताऱ्या आत्याला पुढं करून कुणी तरी डाव मांडतंय, हे रंगरावांनी पाणी दिलेला तांब्या विसळायच्या आत ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते तलाठ्याकडे जाऊन नवा उतारा काढून आले. उताऱ्यावर काही बदल नव्हता. त्यानं त्यांना बरं वाटायच्या ऐवजी जास्तच धास्ती वाटली. चोर हुशार दिसतोय म्हणाले. मग पोपटला फोन लावला.

"ती पोरगी तू पाठवलीस ना?"

"कोणती पोरगी, मामा?"

"वारस विचारत होती. सही मागत होती."

"मग कोणत्या बिल्डरची आहे ते विचारा की! आपण थेट भेटू."

रंगरावांनी फोन आपटला. पोपट खरं बोलतोय असं वाटावं इतका तो आशेनं बोलला होता, आणि नेमका म्हणूनच त्यांना त्याचा संशय आला.

पण खरं सांगायचं, तर त्यांना झोंबलं होतं ते जमिनीचं नव्हतं. धोंडिबाचं नाव होतं. त्या घरात ते नाव निघालं की कुणी तरी म्हशीला पाणी दाखवायला उठायचं. गोष्ट अशी होती. धोंडिबा खेचरांच्या पलटणीत गेला. दोन वर्षांनी अंगावर गणवेश नाही, घोंगडी पांघरलेली, असा चालत गावात आला. खोकत खोकत दोन महिन्यांत मेला. आणि त्याला पोचवून पंधरा दिवस झाले नाहीत तोच पोलीस गावात आला, 'पलटणीतून पळालेला धोंडिबा कुठाय' म्हणून. तो मेलाय म्हटल्यावर पोलीस गेला, पण शब्द मागे राहिला. पळपुटा.

त्यांच्या भावकीत धुळवडीला वीर निघत. लढाईत किंवा गावाचं रक्षण करताना जो पुरुष पडला, त्याचा चांदीच्या पत्र्यावरचा घोडेस्वार देव्हाऱ्यात असतो. त्याला टाक म्हणतात. धुळवडीला तो टाक हातात घेऊन हलगीच्या तालावर मारुतीपर्यंत न्यायचा. तिथे घरातला वडीलधारा वीराचं नाव पुकारणार आणि सगळी भावकी एका आवाजात म्हणणार, "आला!" धोंडिबाच्या बायकोनंही देव्हाऱ्यात त्याचा टाक बसवला होता. पण भावकी म्हणाली, घरात काय पुजायचं ते पुजा, पळालेल्याचा वीर रस्त्यावर निघायचा नाही. तेव्हापासून दर धुळवडीला हलगी दारावरून जायची आणि तुळजाबाई उंबऱ्यात बसून ती लांब जाईपर्यंत ऐकायची. एवढंच तिचं जन्माचं मागणं होतं, की एकदा त्याचं नाव पुकारलेलं कानानं ऐकावं.

चार दिवसांनी रंगराव बसनं हडपसरला उतरले आणि त्या कंपनीच्या काचेच्या इमारतीसमोर चहाच्या टपरीआड उभे राहिले. कार्ड खोटं असणार याची त्यांना खात्री होती. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "आम्रपाली मॅडम? आहेत ना." रखवालदारही सामील असू शकतो, असा विचार त्यांच्या मनात येतोय न येतोय, तोच पाठीमागून आवाज आला.

"काका, चहा घेणार, की नुसती पाळतच ठेवणार?"

रंगराव ओशाळले, पण हार मानणारे नव्हते. "तुला यातनं काय मिळतं ते सांग आधी."

"रविवार जातो."

"थट्टा नको."

तिनं दोन कटिंग सांगितले. मग जरा वेळानं म्हणाली, "माझे पणजोबा त्याच लढाईत होते. जखमी उचलणाऱ्या डोलीवाल्यांत. तेही घरी येऊन मेले. त्यांचे कागद आजोबांच्या ट्रंकेत होते. आजोबा सरकारी नोकरीत. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर. एका बदलीत ट्रंक गहाळ झाली. आता त्यांचं नाव आम्हाला माहीत आहे, बाकी कुणालाच नाही. नुसत्या नावावर कचेरी ऐकत नाही. म्हटलं, आपलं होत नाही तर ज्यांचं होतं त्यांचं तरी करू."

रंगरावांनी चहाकडे पाहिलं. खोटं बोलणारी माणसं आपल्या घरातलं हरवलेलं सांगत नाहीत, असं त्यांना वाटलं. तरी म्हणाले, "आमच्याकडे सांगण्यासारखं नाही. आमचा आजा पळून आला होता."

ती दचकली नाही. उलट बॅगेतून एक कागद काढला. "मला भीती होतीच. त्या पलटणीच्या यादीत धोंडिबा दोन आहेत. नंबर दोन हजार दोनशे चौदा, बसऱ्याहून फरार. आणि नंबर तीन हजार एकसष्ट, छातीच्या आजारामुळे सेवेतून कमी. बापाच्या नावाचा आणि गावाचा रकाना पाण्यानं विरघळलाय. तुमचे कोणते, ते नंबर मिळाल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"म्हणजे पळालेला पण असू शकतो."

"हो. असू शकतो."

इतका वेळ रंगराव त्या मुलीवर संशय घेत होते. आता तो सगळाच्या सगळा त्या घोंगडी पांघरून आलेल्या माणसाकडे वळला. नव्वद वर्षांची कुजबुज एक गोष्ट; पण साहेबाच्या कागदावर 'फरार' निघालं तर? आत्या ते ऐकून मरणार का? "राहू दे पोरी," ते म्हणाले. "झाकलंय ते बरंय."

"तुमची मर्जी. पण पदक मिळालं असेल तर त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. चांदीचं, गोल, मोठ्या रुपयापेक्षा जरा मोठं. एका अंगाला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या अंगाला घोड्यावर बसलेला माणूस."

"तसलं आमच्यात काही न्हाई," रंगराव म्हणाले, आणि बसमध्ये चढले.

घरी आल्यावर ते दुपारभर अंगणात येरझारा घालत होते. आत्या शेंगा फोडत बसली होती. शेवटी त्यांच्यानं राहवेना. नाव न घेता, सहज विचारल्यासारखं करून म्हणाले, "आत्ये, तुझ्या आईनं कधी चांदीचं गोल काही जपून ठेवलेलं? वर घोड्यावरचा माणूस?"

आत्याचा हात थांबला. "रंगा, चेष्टा करतोस व्हय? तो वीर न्हाई का आपला?"

"वीर सोनाराकडनं घडवून आणलाय."

"कुठला सोनार! पोष्टानं आला तो. मी चालायला लागले तवा. आई सांगायची ना. टपालवाला म्हनला, सरकारी रुपया हाय, पर चालत न्हाई. आईनं डबी उघडली, तर आत घोड्यावर बसलेला. ती म्हनली, सरकारनं माझा मानूस वीर करून परत धाडला. सोनारानं निस्ती वरची कडी काढली. आन घोड्यावरचा उघडाबंब व्हता, म्हून आईनं पहिल्या दिवशीच शेंदूर लिंपला. घरातल्या बायाबापड्यांसमोर असा कसा बसवायचा?"

रंगराव देव्हाऱ्यासमोर जाऊन बसले. समोर तो होताच, जन्मापासून पाहिलेला. दर अमावास्येला तेल-शेंदराचा हात देऊन देऊन लिंबाएवढा फुगलेला. घोडा नाही, स्वार नाही, नुसता केशरी उंचवटा. वीराला पालथा घालायचा नाही, अशी त्या घरची रीत. त्यामुळे पाठीमागे राजा आहे की कोण, हे कुणीच पाहिलं नव्हतं. पंच्याऐंशी-शहाऐंशी वर्षं घरानं रोज ज्याला हात जोडले, त्यातच उत्तर होतं. आणि उत्तर कोणतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

त्यांनी आत्याला सगळं सांगितलं. दोन धोंडिबा, दोन नंबर, फरार हा शब्दही. 

तुळजाबाईनं पुढ्यातल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाली, "पळाला असला तर माझा बाप न्हाई का ऱ्हानार? न बघता संशय ठेवतोस तो जास्ती वाईट. बोलाव त्या पोरीला."

पुढच्या रविवारी फाटक उघडं होतं. आम्रपाली ओसरीवर बसली. रंगरावांची सून हेमा हिनं चिंचेचं पाणी आणि मऊ फडकं आणून ठेवलं. देवाची क्षमा मागून रंगरावांनी वीराला देव्हाऱ्यातून उचललं. शेंदराचं कवच त्यांनी अंगठ्यानं हळूहळू दाबलं. भेगा पडल्या, आणि वर्षानुवर्षांचा थर वाटीसारखा अख्खा निघून आला. आत काळवंडलेली चांदी. तुळजाबाईनं ती चिंचेच्या पाण्यात घेतली आणि लेकराचं तोंड धुवावं तशी धुतली. घोडा दिसला. त्याच्यावरचा उघडा माणूस दिसला. हेमानं पदर तोंडाला लावला. हसू आलं की रडू, तिलाच कळलं नसेल.

"असलं पदक घरी आलं म्हणजे तो पळाला नाही असंच ना?" रंगरावांनी विचारलं.

"पळालेल्याला देत नाहीत. पण कारकून चुकतात, काका. मला वाचू दे."

रंगरावांनी चष्मा चढवून कड डोळ्यांशी नेली. अक्षरं बारीक आणि इंग्रजी. त्यांच्याच काय, हेमाच्याही दृष्टीला ती नुसती मुंग्यांची रांग होती. वाचायचं तर टाक तिच्या हातात द्यावा लागणार. वीर परक्याच्या हातात द्यायचा नाही, हीही रीत होती, आणि पहिल्या दिवशी फाटकातून विचारलेलं ते "त्याच्याही पुढं?" अजून त्यांच्या जिभेखाली होतं. हात क्षणभर अडला. तिनं तो अडलेला पाहिला, पण तळवा पुढं केला नाही. मग रंगरावांनीच तिचा हात ओढला आणि वीर तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं बॅगेतून भिंग काढलं. कड फिरवली. 

"तीन," ती म्हणाली.

रंगरावांनी डोळे मिटले.

"शून्य. सहा. एक. पुढे नाव. धोंडिबा सखाराम." तिनं भिंग खाली ठेवलं. "छातीच्या आजारामुळे कमी केलेला. काका, हा पळालेला नाही. पोलीस दुसऱ्याला शोधत आला होता."

तुळजाबाईनं मान वर केली. तिनं रंगरावांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. म्हातारीनं फडकं उचललं आणि तो ओला वीर पुन्हा पुसायला घेतला. पुसत राहिली.

फॉर्मवर रंगरावांनी सही केली. करण्याआधी तो हेमाकडून तीनदा वाचून घेतला आणि झेरॉक्स ठेवून घेतली, हे सांगायला हवं. स्वभाव काही चिंचेच्या पाण्यानं निघत नाही. शेंदराचं कवच नदीत सोडायला गेले, तर मुळा-मुठेचं पाणी पाहून परत फिरले आणि ते आपल्याच विहिरीत सोडलं.

उत्तर यायला आठ महिने लागले. परदेशी शिक्क्याचा लिफाफा पाहून रंगरावांना वाटलं, झाली नोटीस. ती नोटीस नव्हती. धोंडिबा सखाराम यांचा मृत्यू युद्धसेवेत झालेल्या आजाराने झाला असं मान्य करून त्यांचं नाव युद्धमृतांच्या नोंदीत घेतलं आहे, एवढंच चार ओळींत लिहिलं होतं. रंगरावांनी ते पत्र भावकीतल्या घरा-घरात नेऊन वाचायला लावलं. बारा घरं, बाराही ठिकाणी चहा. एक जण म्हणाला, "पत्र खरं कशावरनं?" रंगराव म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्ती संशय मी घेतलाय. माझा संपला, मग तुझा कसला घेऊन बसलास!"

त्या वर्षीच्या धुळवडीला हलगी त्यांच्या दाराशी थांबली. तुळजाबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट चौघांनी उचलून मारुतीपर्यंत नेलं. वीर तिच्या मांडीवर, शेंदूर न लावलेला, लख्ख. हेमानं स्वाराच्या कमरेवरून तांबडा दोरा गुंडाळून त्याची लाज तेवढी राखली होती. पारावर रंगराव उभे राहिले. गळा टाळकऱ्याचा, खणखणीत.

"धोंडिबा सखाराम!"

"आला!" भावकी म्हणाली. तुळजाबाईनं डोळे मिटून घेतले होते.

आम्रपाली पाराच्या खाली, स्कूटीला टेकून उभी होती. तिनं हात जोडले नव्हते आणि जोडावेत असं कुणी म्हटलंही नाही. रंगराव पारावरून खाली आले. "तुझ्या पणज्याचं नाव काय, पोरी?"

"काका, माझा यावर विश्वास नाही."

"तुझा असू दे नाही तर नसू दे. नाव सांग."

तिनं पायातल्या बुटाकडे पाहिलं. "शंभू."

रंगराव पुन्हा वर चढले आणि त्यांनी पुकारलं, "शंभू, डोलीवाला!"

भावकी गप्प राहिली. हा कुणाचा, आपल्यातला नाही, याला काय म्हणायचं. एकमेकांची तोंडं पाहण्यात एक क्षण गेला. त्या गप्पपणात खुर्चीवरून एकटीचा, फाटका, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज आला.

"आला!"

मग बाकीचे म्हणाले.

धोंडिबाची काळजी आता आपण करायला नको. त्याचं नाव नोंदीत आहे, त्याचा वीर देव्हाऱ्यात आहे. शंभूचं कुठेच काही नाही. पदक नाही, कागद नाही, कोतवाल बुकातली ओळ नाही. कुठल्याशा बदलीत हरवलेली एक ट्रंक आहे, आणि त्याचं नाव तेवढं आहे. तेव्हा आता उठाल, चपला घालाल, घरी जाल, तेव्हा एवढं करा: कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून जखमी माणसं वाहणाऱ्या त्या शंभूची आठवण ठेवा. कधी कुठे त्याचं नाव निघालं, तर 'हा कुणाचा' असं विचारत बसू नका. आधी "आला" म्हणा.